लाटण्यावरची वलयं रात्री कुठं जातात?

पत्र:
सप्रेम नमस्कार. मी परतूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. वडील सुतारकाम करायचे. बैलगाड्या, वखर, तिफणी. निवृत्तीनंतर त्यांच्याच पत्र्याच्या शेडात लाकूड फिरवून कातायचा एक जुना लेथ आणून बसवला. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे दांडे कातून देतो. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची आहे, दोन्हीकडच्या पुल्या सारख्या. डोक्यावर चार फुटी जुनी चोकवाली ट्यूब. दिवसा शेत असतं, त्यामुळं लेथ संध्याकाळनंतरच चालतो. मागच्या महिन्यात एका ताईंनी बारा लाटणी नेली आणि दुसऱ्या दिवशी चार परत आणली. सकाळच्या उन्हात त्यांच्यावर बारीक वलयं स्वच्छ दिसत होती. रात्री मला एकही दिसलं नव्हतं. मुलगा म्हणाला, पन्नास वॉटचा फोकस लावा. लावला, तर डोळे दिपतात आणि वलयं तशीच लपलेली. दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. एका रात्री चौरस ठोकळा चढवून मशीन चालू केलं, तर ठोकळा सावकाश उलटा फिरतोय असं दिसलं. पट्टा घसरला असेल म्हणून हात पुढं गेला होता, मशीनच्या आवाजानं भानावर आलो. वय एकोणसाठ, चष्मा दुभागी. आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. उजेडावर दोन हजारांपर्यंत खर्च करू शकतो. काय घेऊ?

उत्तर:
गुरुजी, राम राम.

लाटण्यांचं नंतर बघू. आधी त्या उलट्या फिरणाऱ्या ठोकळ्याचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती लाजत लाजत लिहिली आहे.

तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. जे दिसलं ते अगदी हिशेबानं दिसलं. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. चोकवाली ट्यूब प्रत्येक हेलकाव्यात दोनदा भडकते आणि दोनदा मंदावते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला ते कळत नाही, उजेड सलग वाटतो. तुमची मोटर १४४० ची आणि पुल्या सारख्या, म्हणजे ठोकळा सेकंदाला २४ फेरे घेतो. दोन भडक्यांच्या मधल्या वेळात तो ८६.४ अंश फिरतो. चौरसाच्या चारी बाजू सारख्या. तो नेमका ९० अंश फिरला असता, तर प्रत्येक भडक्याला एका बाजूच्या जागी दुसरी बाजू येऊन बसली असती आणि ठोकळा ठार उभा दिसला असता. इथं ३.६ अंश कमी पडतात. म्हणून दर भडक्याला तो तेवढाच मागं सरकल्यासारखा भासतो. सेकंदात असे शंभर भडके, मिळून ३६० अंश. म्हणजे सेकंदाला बरोबर एक फेरा, आणि तोही उलटा. गणित शिकवत असाल तर वहीत मांडून बघा.

आता विचार करा, पुली थोडी बदलली आणि वेग १५०० वर गेला तर तोच ठोकळा त्याच ट्यूबखाली थांबलेला दिसेल. आवाज नसता, शेजारी पिठाची गिरणी धडधडत असती, तर तुमचा हात मागं आला असता की नाही, सांगता येत नाही. तेव्हा आजपासून एक करा. मशीन थांबलं की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. बटण बंद, हात मागं, आणि मोटरचा आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं.

जुन्या कारखान्यांत यावर एक युक्ती होती. शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर जोडायच्या, म्हणजे एक मंद होते तेव्हा दुसरी भडकलेली असते. तुमच्या शेडात बहुधा सिंगल फेज असेल, त्यामुळं तो नाद सोडा. आपल्या वडिलांच्या पिढीनं पिवळ्या बल्बाखाली काम केलं आणि त्यांना हा चकवा फारसा लागला नाही, त्याचं कारण साधं आहे: बल्बातली तार तापलेली असते, सेकंदाच्या शंभराव्या भागात ती थंड होत नाही.

ट्यूब काढून एलईडी लावला की सुटलो, असं मात्र समजू नका. एलईडी स्वतः तारेसारखा ऊब धरून ठेवत नाही. वीज थबकली की तो त्याच क्षणी थबकतो. आतल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, वीज सपाट करणारा कॅपॅसिटर चांगला असेल तर उजेड स्थिर, नाहीतर जुन्या ट्यूबपेक्षाही वाईट. स्वस्तात हा कॅपॅसिटर हमखास मार खातो. शिलाई मशीनला लावतात तो लोहचुंबकाच्या बुडाचा, वाकणाऱ्या मानेचा दिवा मी हौसेनं आणला होता. दिसायला लेथसाठीच जन्मलेला. पहिल्याच संध्याकाळी माझ्या लेथच्या चकचे, म्हणजे लाकूड धरणाऱ्या पकडीचे, जबडे एकेक मोजता येतील असे उभे दिसले. तो दिवा आता देव्हाऱ्याजवळ आहे, तिथं काही फिरत नाही.

दुकानात तपासायचा उपाय फुकटचा आहे. बाकीचे दिवे बंद करायला सांगा, हवा तो दिवा लावा आणि त्याच्या उजेडात एखादी पांढरी काडी किंवा पेन झपाट्यानं इकडून तिकडं हलवा. पंख्यासारखा सलग पट्टा दिसला तर दिवा घ्या. वेगवेगळ्या दहा काड्या दिसल्या तर दुकानदाराला नमस्कार करून पुढचा दिवा मागा. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये धरलं तरी वाईट दिवा लुकलुकताना सापडतो. घरी तर तुमचा लेथच सगळ्यात नेमका तपासनीस आहे: टूल रेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायचा आधार, काढून ठेवा, चौरस ठोकळा दोन्ही टोकांत घट्ट धरा, बाजूला उभं राहून मशीन सुरू करा. चांगल्या दिव्याखाली ठोकळ्याच्या जागी धुरकट गोल दिसेल. कोपरे दिसले की दिवा बाद.

आता लाटणी.

मुलाचा सल्ला चुकीचा म्हणून त्याला बोलू नका. नव्वद टक्के लोक हेच सांगतील. पण वलय दिसतं ते उजेडामुळं नाही, त्याच्या सावलीमुळं. केसाएवढी उंच धार, तिच्या एका अंगाला उजेड आणि दुसऱ्या अंगाला अंधार पडला तरच डोळ्याला सापडते. नांगरलेलं रान भर दुपारी सपाट दिसतं आणि दिवस मावळायच्या सुमाराला त्याचं तास न् तास उठून दिसतं, तसंच हे. तुमची ट्यूब डोक्यावर, लेथला समांतर, चार फूट लांब. लाटणं सव्वा फुटाचं. म्हणजे प्रत्येक वलयावर डावीकडूनही उजेड येतो, उजवीकडूनही. सावलीला जागाच नाही. फोकस तुम्ही बहुतेक पाठीमागं किंवा डोक्यावर लावला असणार. त्यानं उरलीसुरली सावलीही धुऊन काढली. त्या ताईंनी काय केलं? लाटणं खिडकीशी धरलं, ऊन तिरपं आलं, बस.

म्हणून एक छोटा दिवा टेलस्टॉकच्या, म्हणजे लाकडाला टेकणाऱ्या सरकत्या टोकाच्या, बाजूला हवा. लाकडाच्या अक्षापेक्षा चार बोटं वर आणि थोडा मागं, म्हणजे त्याचा उजेड लाटण्याच्या अंगावरून टोकापासून टोकापर्यंत घासत जाईल. वलयं लाटण्याला आडवी वेढलेली असतात, म्हणून उजेड लांबीच्या दिशेनं यायला हवा. हे नीट लक्षात घ्या, कारण उभे ओरखडे किंवा उपसलेले रेषे शोधायचे असतील तर नेमकं उलटं करावं लागतं: मशीन बंद, दिवा समोरून किंवा मागून तिरपा, आणि हातानं लाटणं सावकाश फिरवत बघायचं. दिव्याची मान वाकणारी हवी ती यासाठीच. पॉलिश पेपरची वलयं तर मशीन चालू असताना कधीच पूर्ण जात नाहीत, कारण पेपर स्वतःच ती पाडत असतो. शेवटचा बारीक पेपर मशीन थांबवून लाकडाच्या रेषांच्या दिशेनं फिरवा, तोही याच आडव्या उजेडात. तुमची चार लाटणी परत आली ती बहुधा या शेवटच्या दोन मिनिटांसाठी.

पोळपाट कातायला घ्याल तेव्हा दिवा तोंडावर न धरता कडेनं, पृष्ठभागावरून सरपटत जाईल असा ठेवा. सपाटी बघायची तर मशीन थांबवून पोळपाटावर पोलादी पट्टी उभी धरा आणि दिवा पट्टीच्या पलीकडं न्या. पट्टीखालून उजेडाची चीर आली, तिथं खड्डा.

हा आडवा दिवा किती वॉटचा? पाच वॉट पुरे. दिवा लहान आणि जवळ असला की अंतर निम्मं केल्यावर उजेड चौपट पडतो, त्यामुळं मोठ्या फोकसपेक्षा फुटा-दीड फुटावरचा पाच वॉटचा दिवा लाकडावर जास्त काम करतो. मी तुम्हाला १२ व्होल्ट डीसीवर चालणारा घ्यायला सांगेन. कारण असं: बॅटरीचा उजेड लुकलुकत नाही, चुकून वायर तुटली तर झटका नाही, आणि लाइट गेली तरी तो चालू राहतो. तुमच्याकडं फवारणीचा बॅटरी पंप असेलच. त्यातली बॅटरी १२ व्होल्टचीच असते, पुष्कळ पंपांत ८ अँपिअर-तासांची. पाच वॉटचा दिवा जेमतेम ०.४ अँपिअर ओढतो. बॅटरी जुनी होऊन निम्मी राहिली असेल तरी आठ-नऊ तास निघतात. वायरीत एक लहान फ्यूज टाका आणि फवारणीच्या दिवसांत बॅटरी आठवणीनं परत पंपात लावा, नाहीतर घरात वेगळा उजेड पडेल.

दिवा लेथच्या अंगावर बसवू नका. थरथरीनं त्याची मान हळूहळू झुकते आणि नेमकी नको तिथं येते. भिंतीच्या लाकडाला किंवा वेगळ्या खांबाला बसवा. वायर भिंतीकडून आणा, मशीनच्या वरून नाही. आणि ठोकळा निसटला तर तो ज्या रेषेत उडतो, म्हणजे लाकडाच्या अक्षाला काटकोनातल्या रेषेत, तिथं दिवाही नको आणि तुम्हीही नको.

डोक्यावरच्या ट्यूबच्या जागी २० वॉटच्या दोन एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारख्या लांब पट्ट्या, घ्या, अर्थात काडीची परीक्षा पास झालेल्या. एक लेथच्या बरोबर वर पण किंचित पलीकडं, दुसरी तुमच्या डाव्या बाजूला आडवी. पाठीमागं एकही नको. तिथला दिवा तुमचीच सावली कामावर टाकतो आणि तोंडावरच्या शील्डच्या आतल्या बाजूला चमकून डोळ्यांत येतो. युरोपच्या मानकात लाकडाच्या मशीनकामाला ५०० लक्स उजेड (लक्स म्हणजे कामावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि किमान ८० सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, मागितला आहे. दोन बॅटन आणि एक आडवा दिवा मिळून लाकडावर तेवढा उजेड सहज येतो. पाळण्याच्या दांड्यांना लाखेचे रंग देत असाल तर खोक्यावर सीआरआय ९० लिहिलेला बघा, कारण साध्या पांढऱ्या एलईडीत लाल रंग मरतो आणि रात्रीचा तांबडा सकाळी वेगळाच निघतो. रंगछटा ४००० केल्विनची घ्या, दुकानात तिला नॅचरल व्हाइट म्हणतात. बाजारात सगळीकडं ६५०० चा निळसर उजेड रेटतात. तो भुसार दुकानाला ठीक आहे, त्यात सागवान आजारी दिसतं.

एक वस्तू तुम्ही विचारली नाहीत, पण माझ्या मते ती दिव्याइतकीच कामाची आहे, आणि तुम्हाला फुकट पडेल. लेथच्या मागं, लाकडाच्या पलीकडं, दोन फूट उंचीची एक फळी उभी करा. एका बाजूला चुना मारा, दुसऱ्या बाजूला शाळेतल्या फळ्याचा काळा रंग द्या. तो रंग चमकत नाही, आणि तो कसा द्यायचा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कातताना नवखा माणूस पटाशीच्या टोकाकडं बघतो. मुरलेला कातारी फिरणाऱ्या लाकडाच्या वरच्या कडेकडं बघतो, कारण आकार तिथं क्षितिजासारखा दिसतो. फुगवटा, खाच, सगळं तिथं आधी कळतं. मागं पत्र्यावर टांगलेल्या दोऱ्या, खुरपी, पिशव्या असतील तर ती कड हरवते. फिकट लाकूड असेल तेव्हा काळी बाजू पुढं करा, शिसमाला चुन्याची. माझे भोवरे दोन्ही अंगांनी सारखे व्हायला लागले ते या फळीनंतर.

लाइट जाण्याबद्दल. अंधार झाला तरी लाकूड लगेच थांबत नाही, काही सेकंद फिरतच राहतं, आणि पटाशी तुमच्या हातात असते. बॅटरीचा दिवा असल्यानं तो क्षण निभावेल. पटाशी सरळ मागं ओढा आणि उभे राहा. खरा धोका त्यानंतरचा आहे. तुम्ही बटण चालूच ठेवून चहाला गेलात, किंवा अंधारात लाकूड काढायला हात घातलात, आणि लाइट आली. साध्या स्विचवर मोटर तशीच उठते. म्हणून मोटरला नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर बसवा, बोअरच्या मोटरला असतो तसा. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा धरत नाही. आपल्याकडं शेतात त्यालाच ऑटो स्विच जोडतात, रात्री लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून. ते विहिरीवर चालतं. लेथच्या आसपास तो ऑटो फिरकूसुद्धा देऊ नका. हे पैसे तुमच्या दोन हजारांत धरू नका, वेगळे काढा.

चष्मा. साठीच्या डोळ्याची बाहुली लहान राहते, आतलं भिंग पिवळसर होतं, आणि पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानानं सुमारे तिसरा हिस्सा उजेड पोहोचतो. त्यामुळं तुम्हाला मुलापेक्षा जास्त उजेड लागतो, हे खरं. पण दुभागी चष्म्याचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतराचा असतो. लेथवरचं लाकूड त्याहून लांब असतं, आणि तुम्ही मान वर करकरून बघत असणार. डोळ्यांपासून लाकडापर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि चष्मेवाल्याला तेवढ्या अंतराचा एक साधा चष्मा करायला सांगा. त्यावरून तोंडाला पूर्ण शील्ड हवीच. चष्म्याची काच ठोकळा अडवत नाही. शील्ड ओरखडून धूसर झाली असेल तर बदला. कित्येकांचा उजेड कमी पडतो तो या प्लास्टिकमुळं.

मुलाचा फोकस काढून अंगणात लावा. तो एलईडीचा असेल तर हरकत नाही. आत काचेची कांडी असलेला जुना हॅलोजन असेल तर शेडात अजिबात नको. त्याची काच काही शे अंशांपर्यंत तापते आणि लाकडाचा बारीक भुसा तिच्यावर बसून धुमसायला वेळ लागत नाही. बॅटनही पत्र्याला चिकटवू नका, मे महिन्यात पत्रा तव्यासारखा होतो आणि ड्रायव्हर उकडून मरतो. चार बोटं खाली लोंबवा. दर आठवड्याला कोरड्या फडक्यानं भुसा पुसा. आणि शेडाच्या पत्र्यांतला एक उत्तरेकडच्या उतारावरचा पत्रा कधी बदलायची वेळ आली, तर तिथं फायबरचा घाला. माळवदाला उजेडाचं सानं असतं तसं होईल, सुट्टीच्या दिवशी दिवा लावावाच लागणार नाही.

परत आलेली चार लाटणी टाकली नसाल अशी आशा आहे. आडवा दिवा बसला की त्यांतलं एक पुन्हा चढवा. मशीन बंद, बॅटन बंद, फक्त तो पाच वॉटचा दिवा. हातानं लाटणं फिरवत जिथं जिथं वलय दिसेल तिथं पेन्सिलीची खूण करा. मग बॅटन लावून बघा, खुणा दिसतील आणि वलयं गायब होतील. त्याच खुणांवर हलक्या हातानं धारदार पटाशी चालवा, पेन्सिल गेली की वलय गेलं. चारही झाली की त्या ताईंकडं सकाळी पोचवा, उन्हाच्या वेळी.